ब्रेकला फासलेलं ग्रीस

दौंडहून शिरूरला मी रोज स्वतः गाडी चालवत जाते. तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. गेल्या हिवाळ्यात गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले. बाजारात ब्रेक दाबला की भाजीवाल्या मान वळवून बघायच्या.

शिरूरच्या एका गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्याने माझं ऐकूनच घेतलं नाही. नवऱ्याचा नंबर मागितला आणि माझ्यादेखत त्याला सांगितलं, की मॅडम सारखा ब्रेकवर पाय ठेवून चालवतात. पलीकडून नवरा हसलेला मला ऐकू आला.

संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा आवाज पार बंद होता. शिरूरला डोळे दाखवायला आलेली माझी अम्मी शेजारी बसली होती. न्हावरे गावाच्या पुढं समोरची उसाची ट्रॉली अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, आणखी दाबला. गाडी आपली पुढंच. शेवटी हँडब्रेक ओढून रस्त्याखाली बाभळीत घातली. अम्मीचं कपाळ पुढं आपटलं आणि टेंगूळ आलं. दुसऱ्या गिअरमध्ये रांगत घर गाठलं.

सकाळी दौंडच्या मेकॅनिकने चाक खोलून दाखवलं. आवाज दाबायला ब्रेक पॅडच्या घासणाऱ्या बाजूलाच ग्रीस फासलं होतं, म्हणून ब्रेक धरतच नव्हते. त्याने डिस्क पुसून नवे पॅड बसवले. जुने मी पिशवीत घातले आणि तशीच शिरूरला गेले.

गॅरेजवाल्याच्या टेबलावर ते ओतले. त्याने पॅडकडे बघितलंसुद्धा नाही, मोबाईल उचलला. म्हणाला, "सायबांशी बोलतो."

"फोन खाली ठेवा, मामा. गाडी मी चालवते. माझ्याशी बोला."

"आवाज बंद कराया सांगितला व्हता. झाला की बंद."

मी म्हटलं, "काल माझी आई मेली असती. आता लावा फोन. तुम्ही काय लावलं होतं, ते साहेबांना तुमच्या तोंडानं सांगा."

दोन गिऱ्हाइकं उठून जवळ आली. मग त्याने फोन लावला, आणि ग्रीस हा शब्द एकदाचा त्याच्या तोंडून निघाला. माझी माफी मात्र त्याने मागितली नाही. "चूक झाली, सायेब," असं नवऱ्याला म्हणाला.

घरी नवरा अम्मीच्या कपाळाला बर्फ लावत बसला होता. पुढच्या वेळी गॅरेजला मी येतो, म्हणाला. त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मी त्याच्या हातातला बर्फ काढून घेतला आणि त्याला तिथून उठायला सांगितलं.