अंबादासकाकांची खाऱ्या पाण्याची टाकी

सकाळी दूध घेऊन जिना चढताना अंबादासकाका खिडकीशी उभे दिसायचे. हातात काचेची छोटी नळी, तिच्यामागे पांढरा कागद, चष्मा कपाळावर. नळीत टाकीतलं पाणी आणि औषधाचे थेंब. मी थांबले की न वळताच म्हणायचे, "आज बी हिरवंच हाय, ताई. शेतात हिरवं दिसलं की जीव खुश व्हायचा. इथं हिरवं म्हंजे पाण्यात विष."

काका अंबडकडचे, शेतकरी घरातले. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन नवीन जालन्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. शैलाकाकू कोकणातल्या, समुद्रकाठच्या. त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी गॅस, मग रस्ता, मग माणसं. समुद्र तेवढा राहिला होता. संध्याकाळी त्या चपला घालून दाराशी यायच्या, "भरती आली असेल. मला जाऊ द्या." काका हात धरून त्यांना गच्चीवर न्यायचे. तिथून स्टेशनचे दिवे दिसायचे. काकू रडायच्या.

म्हणून काकांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. शेजारी हसायचे, "नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, अन् हे पाण्यात मीठ कालवून राह्यले!" काका ढवळत राहायचे. त्यांनी दगड रचले, पंप लावला आणि कोळंबीचा एक तुकडा टाकीत कुजत टाकला. मला म्हणाले, "हे कुजलं की विष तयार होतं. मंग ते विष खाणारे जंतू दगडावर वाढतेत. तवर मासा सोडायचा न्हाई. जल्दी केली की खेळ खल्लास."

काकू टाकीपुढे बसायच्या आणि लगेच उठायच्या. "यात काहीच नाही."

त्यांची मुलगी मेघा पुण्याला नोकरी करते. आईच्या वाढदिवसाला ती न कळवताच आली, पिशव्यांत नारिंगी-पांढरे मासे घेऊन. काका बाजारात गेले होते. मी खाली गेले तेव्हा मासे टाकीत पोहत होते आणि काकू काचेला नाक लावून हसत होत्या. "मेघा, बघ गं, कसे पळतायत!" कित्येक महिन्यांनी त्यांनी मुलीला नावानं हाक मारली होती.

काका दारात आले. त्यांनी टाकी पाहिली, मग काकूंचा चेहरा. भाजीची पिशवी हातात तशीच राहिली. मी हळूच विचारलं, "काढायचे का मासे?"

"काढून ठेवू कुठं? पंप एकच हाय, बादलीत हवेबिगर मरतील. दुसरं मुरलेलं खारं पाणी हाय का आपल्या जालन्यात?" पिशव्यांतलं पाणी मेघानं केव्हाच ओतून दिलं होतं.

दुपारभर ते बादल्यांत मीठ कालवून टाकीतलं पाणी बदलत राहिले. त्यांच्याकडचं गाळलेलं पाणी संपलं, मी आमचं दिलं. नळीतला हिरवा रंग तरीही गडदच राहिला. मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले, तेव्हा मेघाला कळलं.

"बाबा, काहीतरी करा ना."

"करून राह्यलो, बाळा. माझ्या हातात एवढंच हाय."

रागाचा एक शब्द नाही. काकू मात्र टाळ्या वाजवत होत्या. मासे आपल्याला भेटायला वर येतात असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू उठायच्या आत काकांनी मेलेले मासे जाळीनं काढून घेतले. काकू येऊन बसल्या आणि लगेच उठल्या. कालचं काहीच त्यांच्या लक्षात नव्हतं, मेघाचं नावही नाही. मेघा त्याच दिवशी परत गेली. नंतर रोज फोन करायची, पण यायची नाही.

टाकीतलं विष पुढे उतरलं. नळीतलं पाणी पिवळं राहू लागलं. तोवर काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. काकांनी माझ्यासमोरच मेघाला फोन लावला. "मासे तूच घेऊन ये."

"नको बाबा. माझ्यानं नाही होणार."

"पाणी तयार हाय आता. दुसऱ्या कुणाच्या हातचे नको मला. ये."

ती आली. आम्ही काकूंना उचलून टाकीपुढे खुर्चीत बसवलं. मेघानं माशांची पिशवी आधी टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली, दोन्ही पाण्यांची ऊब जुळल्यावर एकेक मासा आत सोडला. "शैला, बघ की, मासे," काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांनी शेवटी म्हणायचं सोडून दिलं आणि खुर्चीमागे नुसते उभे राहिले.

काकू मेघाकडे पाहत होत्या, परक्या बाईकडे पाहावं तशा. मग त्यांनी तिचे कोपरापर्यंत भिजलेले हात ओढून घेतले आणि पदरानं पुसायला लागल्या. "सर्दी होईल गं, कुणाची तू?" म्हणाल्या आणि हात कोरडे झाले तरी पुसतच राहिल्या.