कृष्णोजीची निर्विष चिप

कृष्णोजीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या ओठांत कॉम्प्युटरची एक चिप होती. शिंपी टाचणी धरतो तशी. दोन्ही हात एका सर्किट बोर्डात गुंतलेले, म्हणून तिसऱ्या हाताचं काम तोंडाकडे. मी बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन म्हैसूरच्या मेटगळ्ळीतल्या त्याच्या दुकानात गेले होते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडात काय आहे याची चौकशी करायची मला खोड आहे. "आधी ते तोंडातून काढा," मी म्हटलं.

त्यानं चिप काढली, शर्टाला पुसली आणि माझ्यापुढे धरली. "आत सुम्ने, नुसती वाळू आहे, मॅडम. वाळू शुद्ध करून केलेली. वरनं प्लास्टिकचा डगला. ही म्हणजे सोवळ्यातली म्हातारी हो. तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका, ती तुमच्या वाटेला येत नाही."

त्याचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत होते. त्यातलं आता घरात उरलं होतं ते नावामागचं 'राव' आणि निम्मी कन्नड मिसळलेली मराठी. "आमची मराठी घेऊन पुण्याला गेलो तर स्टेशनावरनंच परत पाठवतील," असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं, सुभद्राक्कानं त्याला वाढवलं. ती विधवा होऊन परत आल्यापासून दोघं दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. अक्का त्याचं बोलणं वेदवाक्य मानायची. कृष्णाला सगळं कळतं, हा तिचा ठाम समज होता आणि तो समज मोडायची कृष्णोजीला कधी गरज वाटली नाही.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. जुन्या बोर्डांवर गरम हवा सोडून तो चांगल्या चिप अलगद सुट्या करायचा, तपासायचा आणि दुरुस्तीला वापरायचा. उरलेले बोर्ड मागच्या पडवीत पोत्यांत साठत. ते न्यायला ई-कचऱ्याच्या परवानेवाल्यांची गाडी यायची, पण ती आपल्या मर्जीनं. आयुधपूजेला तो प्रत्येक मीटरला कुंकू लावायचा आणि डाग देण्याच्या सोल्डरिंग आयर्नला शेवंतीची पाकळी चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी पाकळी काढायला विसरून आयर्न चालू करायचा आणि दुकानभर जळक्या फुलाचा वास घेऊन बसायचा.

एकदा गल्लीत आवई उठली की या दुकानातल्या चिपमधून विष पाझरतं आणि बोअरच्या पाण्यात उतरतं. आया मुलांना दुकानावरून जाऊ देईनात. घरमालक कुरकुरायला लागला. कृष्णोजी माझ्या जयलक्ष्मीपुरमच्या घरी आला आणि खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "तुम्ही एकदाच नीट सांगा. चिपमध्ये विष आहे की नाही?"

मी नीट सांगितलं. चिपमध्ये मुख्यतः सिलिकॉन. आर्सेनिकसारखी काही द्रव्यं असतात, पण अगदी कणभर आणि आत कोंडलेली. कारखान्यात ती घडवताना भयंकर आम्लं आणि वायू वापरतात, ते तयार चिपमध्ये उरत नाहीत. हात लावून कोणाला काही होत नाही.

"म्हणजे भ्यायचं कारण नाही, अल्वा? नाही ना?"

"नाही. पण पुढचं ऐका. बोर्डाची गोष्ट वेगळी. जुन्या डागात, म्हणजे सोल्डरमध्ये, शिसं असतं, बोर्डाच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून घातलेलं ब्रोमीन असतं. हे जाळलं किंवा आम्लात घातलं, की..."

"आम्ही कुठं जाळतो हो?" तो उठलाच. "तुम्ही मोठं काम केलंत."

आठवड्याभरात दुकानावर कन्नड पाटी लागली: चिपमध्ये विष नाही. खाली, रसायनशास्त्राच्या मॅडमचा निर्वाळा. मी नाव काढायला सांगितलं, तर म्हणाला, "नाव कुठं घातलंय? मॅडम काय स्वल्प आहेत म्हैसुरात?" मी तो विषय तिथंच सोडला. आपला शब्द पाटीवर चढला, की माणूस जरा सुखावतोच. मीही सुखावले होते.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी अक्काला तीळगूळ द्यायला गेले. अक्का मागच्या न्हाणीघरात चुलीपुढे बसली होती. तांब्याचा हंडा चुलीतच बसवलेला. कृष्णोजीनं गीझर घेऊन दिला होता, पण गीझरचं पाणी अंगाला लागत नाही हे तिचं मत होतं. ती खोकत होती. महिन्याभरापासून खोकतेय, डोकं दुखतंय, पोटात कळा येतात, असं कृष्णोजी म्हणाला होता. मी वाकले आणि पाहिलं. हंड्याखालची ज्योत हिरवी होती; लाकडाची तशी नसते.

"अक्का, हे काय घातलंय?"

"कृष्णाचे पत्रे. पडवीत सुम्ने पडलेत. नारळाच्या झावळीपेक्षा छान पेटतात, नोडी, बघा की." तिनं आणखी एक बोर्ड मोडून आत सारला. "मत्ते, आणि विष नाही म्हणून तुम्हीच सांगितलंय की."

मी तिचा हात धरून तिला अंगणात आणलं. चुलीत पाणी ओतलं. नंतरच मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दोन दिवसांनी अक्काला दवाखान्यात ठेवावं लागलं. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली बाई, तेव्हा हा लाकडाचाच धूर, असं डॉक्टर धरून चालले होते. अक्कानं भावाला दम दिला, "तोंड उघडायचं नाही. बोर्डाचं कळलं तर मालक दुकान खाली करायला लावेल." कृष्णोजी बाहेर व्हरांड्यात येऊन माझ्याजवळ उभा राहिला. "लिहून द्या, त्या धुरात काय काय असतं. सगळं. या खेपेला मी मधेच उठत नाही." मी लिहून दिलं. त्यानं तो कागद डॉक्टरांपुढे अडखळत, शब्द लावत वाचला आणि शेवटी म्हणाला, "विष नाही म्हणून मीच सांगितलं होतं. तिनं ऐकलं." डॉक्टरांनी रक्त तपासलं. शिसं निघालं. उपचार बदलले, तेव्हा कुठे अक्काला उतार पडू लागला.

मग एका दुपारी ती क्षीण आवाजात म्हणाली, "कृष्णा, रत्नम्माच्या घरीपण दोन पोती दिलीत रे मी. पोर बाळंतपणाला आलीय तिची."

रत्नम्मा म्हणजे गल्लीच्या टोकाची शेजारीण. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला चाळीस दिवस तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालतात. हंडा खाली उतरतच नाही. कृष्णोजी चपला न घालता निघाला. मी रिक्षानं मागोमाग पोचले, तर तो रत्नम्माच्या दारात उभा होता आणि रत्नम्मा समजावत होती, "अजून हात लावला नाही. बाळाच्या पाण्याला ठेवलीत. बाळ झालं, की सातव्या दिवसापासून सुरू करणार."

"जाळू नका. मी अर्धंच सांगितलं होतं," तो म्हणाला. गल्लीतली माणसं गोळा झाली, तेव्हा त्यानं तेच पुन्हा कन्नडमध्ये मोठ्यानं सांगितलं आणि आणखी कोणी बोर्ड नेलेत का, हे दारोदार विचारलं. नंतर दोन्ही पोती एकामागून एक खांद्यावर घालून परत आणली. संध्याकाळी घरमालकानं जागा सोडायला महिन्याची मुदत दिली. कृष्णोजी भांडला नाही.

टी. नरसीपूरला अक्काच्या सासरची एक रिकामी खोली होती. तिथं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी गेले, तेव्हा टेम्पो दारात लागला होता. अक्का ओट्यावर बसली होती, चार पावलं चालली तरी धाप लागायची. रत्नम्मा मुलीला आणि नातवाला घेऊन निरोप द्यायला आली. तिनं बाळ अक्काच्या मांडीवर ठेवायला पुढे केलं.

अक्कानं हात मागे घेतले. "नको ग. माझ्या अंगात शिसं आहे. पोराला लागेल."

कृष्णोजी तिच्याजवळ बसला. "घे, अक्का. शिवल्यानं लागत नाही. काय होत नाही."

या खेपेला त्याचं म्हणणं पूर्ण खरं होतं. पण अक्कानं बाळ घेतलं नाही. भावाच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावेपर्यंत वाट पाहिली. मग तिनं हात पुढे केले. कृष्णोजी उठला आणि टेम्पोवरची दोरी आवळायला गेला. ती आधीच घट्ट होती, तरी तो बराच वेळ आवळत राहिला.