सिंधूबाईंचा जबाब

"हुमलो कर्यो हतो?" रेंज ऑफिसरनं विचारलं. म्हणजे, त्यानं हल्ला केला होता का?

प्रश्न सिंधूबाईंना होता, पण साहेब बघत होते माझ्याकडे. सिंधूबाई साक्रीकडच्या, ऊसतोडीला सुरतेच्या बाजूला येणाऱ्या. अहिराणीशिवाय दुसरी बोली त्यांच्या तोंडात बसत नाही. माझे वडील खानदेशातून बमरोलीच्या मिलमध्ये आलेले, म्हणून दुभाष्या मी. टेबलाशेजारी गोणपाटावर रानमांजर मरून पडलं होतं. रानमांजर मारणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. ते सिंधूबाईंच्या कोयत्यानं मेलं होतं.

ते का मेलं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी रेस्क्यू सेंटरमध्ये अनाथ पिल्लं वाढवायचो. आमच्याकडे ऊस तोडण्याआधी फड पेटवतात. त्यानंतर बांधावर, सरीत पिल्लं सापडतात. लोक बिबट्याची समजून फोन करतात. बहुतेक वेळा ती रानमांजराची निघतात. अशा वेळी पहिला नियम म्हणजे घाई करायची नाही. पिल्लू टोपलीत घालून तिथंच ठेवायचं, लांब बसायचं. आई येऊन घेऊन जाते. हे मांजर पिल्लू होतं तेव्हा त्याच्यासाठी मी दोन संध्याकाळी बसलो. आई आली नाही. मग सेंटरला आणलं.

सेंटरमधला नियम वेगळा. पिल्लाशी बोलायचं नाही. तोंडावर मास्क, पिंजऱ्याला पडदा, दूध पाजताना एक अक्षर नाही. माणसाचा आवाज म्हणजे खाणं, असं त्याच्या डोक्यात बसलं की ते रानात टिकत नाही. याला आमच्यात इंप्रिंटिंग म्हणतात. नव्या स्टाफला हा नियम मीच शिकवायचो.

त्या वर्षी बायको धुळ्याला भावाकडे निघून गेली होती. का, ते इथं नको. भेस्तानच्या खोलीवर गेल्यावर बोलायला कोणी नसायचं. मी पिल्लाशी बोलायला लागलो. आधी एखादा शब्द. मग दिवसभराचं. मग बायकोचंसुद्धा. "काय शे मना राजा, भूक लागनी का?" म्हटलं की ते धावत यायचं आणि पायाला अंग घासायचं. अंगावरच्या पट्ट्या पुसट होत गेल्या, ते मोठं झालं, पण ही सवय गेली नाही.

सोडण्याआधी टेस्ट असते. आमच्या डॉक्टर जागृतीबेन दोन अनोळखी माणसांना पिंजऱ्याजवळून चालायला लावतात. प्राणी लपला तर पास. ती दोघं नियमाप्रमाणे गप्प चालली. मांजर झुडपात गेलं.

"सरस," मॅडम म्हणाल्या. "आवाजाला येत नाही ना?"

"नाही मॅडम."

"नक्की? आत्ताच सांगा. नंतर माझ्या हातात काही नाही."

"नाही येत."

येतं म्हणालो असतो तर ते जन्मभर पिंजऱ्यात राहिलं असतं. आणि मला नर्सरीतून, म्हणजे पिल्लं वाढवायच्या विभागातून, काढलं असतं. यातल्या कुठल्या कारणानं खोटं बोललो, ते मला आजही सांगता येत नाही.

चलथाणच्या बाजूला, कालव्याच्या काठी त्याला सोडलं. त्याच आठवड्यात जवळच्या पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, माझी मीटिंग होती. विषय बिबट्या. मी नेहमीचं सांगितलं. फडात एकटं जायचं नाही. खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो. आणि शिरताना मोठ्यानं बोलायचं. माणसाचा आवाज ऐकला की प्राणी बाजूला होतो.

"बोलनंच शे ना?" सिंधूबाई म्हणाल्या. "मंग मनी जाऊले पुढे धाडू. बिबट्या तालुका सोडी पळी जाई."

"आनि तू?" जाऊ म्हणाली. "तू तं झोपमा बी बोलस!"

बायका हसल्या. मीही हसलो. बोलताना मला मांजर आठवलं होतं. तरी मी पुढच्या मुद्द्यावर गेलो.

मीटिंगनंतर सहाव्या दिवशी मुकादमाचा फोन आला. सकाळी दोघी जावा मोठमोठ्यानं बोलत फडात शिरल्या होत्या. मांजर पळायच्या ऐवजी धावत आलं, थेट सिंधूबाईंच्या पायाशी. त्यांना वाटलं बिबट्याचं पिल्लू, आता मागून आई येणार. त्यांनी कोयता मारला. मी पोचलो तेव्हा ते जिवंत होतं. त्याच्याशी मी काही बोललो नाही. बघणारे खूप होते. गाडीत ते गेलं.

तर, रेंज ऑफिस. सिंधूबाईंनी सरळ सांगितलं, "सायेब, ह्या भाऊनीच सांगं व्हतं, बोलत जा. आम्ही बोलत गऊत. ते पळनं नही, पायजवळ उनं. पायले आंग घासी राहिनं व्हतं."

"शुं कहे छे?" साहेबांनी मला विचारलं.

"कहे छे के हुमलो कर्यो."

साहेबांनी तसं लिहिलं, हल्ला झाला म्हणून. स्वसंरक्षण. केस झाली नाही. सिंधूबाईंनी अंगठा दिला. त्यांना वाचवलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगूनही त्या सुटल्या असत्या. अडकलो असतो तो मी.

बाहेर पायरीवर त्या थांबल्या. "भाऊ, हमला कोठे करा व्हता त्यानी?"

"तुमच्यासाठीच तसं म्हणालो, ताई."

"मनासाठे?" त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "ते मनाकडे असं पाही राहिनं व्हतं, जसं वळखस. वळखना जीव मारा भाऊ मी."

ती ओळख कोणाची होती, ते तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चला, गाडी उभी आहे."

पुढच्या हंगामात त्या आल्या नाहीत. नाशिककडे द्राक्षाच्या कामाला जातात, असं मुकादम म्हणाला. मी नंबर मागितला नाही.

यंदा जागृतीबेनना सगळं सांगितलं. त्या ओरडतील, काढून टाकतील, या तयारीनं गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "अजून किती जणांशी बोललात?"

याची तयारी मी केली नव्हती. उभ्या उभ्या आठवत गेलो. एक घुबड. दोन कोल्ही. एक उदमांजर. सगळी पास होऊन सुटलेली.

"चार," मी म्हणालो.

त्यांनी रिलीज रजिस्टर काढलं आणि जागा लिहून घेतल्या.

आता टेस्टला दोन माणसं मोठ्यानं गप्पा मारत चालतात. पिल्लं वाढवणाऱ्याच्या शब्दावर कोणाला पास करत नाहीत. हे पहिल्यापासून असायला हवं होतं. मला नर्सरीत जायला मनाई आहे, मी गाडी चालवतो. त्या चार जागांच्या आसपासच्या गावांत जाऊन सांगतो, की एखादं जनावर तुमच्या आवाजाला जवळ आलं तर मारू नका, फोन करा. चूक आमची आहे. "आमची कशी?" असं कोणी विचारलं, तर "माझी" म्हणतो.

अजून एकही फोन आलेला नाही.