उमा मॅडमची पुठ्ठ्याची कार्डं

उमा मॅडमना कुणी अपडाऊनवाल्या म्हटलं की राग यायचा, पण म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकत होतं? घर औरंगाबादला सिडकोत, शाळा पाचोडच्या पुढं एका वस्तीवर. सकाळी एसटीनं पाचोड, तिथून काळीपिवळीत अंग चोरून बसून वस्ती, आणि संध्याकाळी तीच वरात उलटी. इकडं शहर फुगत चाललेलं, बीड रोडला जिकडं बघावं तिकडं नवी इमारत. तिकडं वस्ती रिकामी होत चाललेली. मोसंबीच्या बागा वाळून त्यांचं सरपण झालेलं. टँकरचा हॉर्न वाजला की अर्धा वर्ग हंडे घेऊन पळायचा, आणि त्या लेकरांना थांबा म्हणायला तोंड कुणाला होतं?

शाळेची वीज तोडलेली. संगणक कोपऱ्यात फडकं पांघरून बसलेला. पण हातावर हात धरून बसणं मॅडमच्या स्वभावात नव्हतं. नेटवर फुकटात काय काय मिळतं ते धुंडाळायचा त्यांना नादच होता. तसंच एकदा त्यांना एक अॅप सापडलं. प्रत्येक पोराला एक चौकोनी पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर काळी नक्षी, दर पोराची निराळी. फळ्यावर प्रश्न आणि चार उत्तरं. जे उत्तर बरोबर वाटेल त्याप्रमाणे कार्डाची ती ती बाजू वर धरायची. मॅडमनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की फोनमध्ये ज्याचं बरोबर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका, चुकलं त्याच्यापुढं लाल. वर्गात एक फोन असला म्हणजे झालं. नेटसुद्धा नको, वीजसुद्धा नको.

यातली खरी गंमत अशी, की लाल ठिपका फक्त मॅडमना दिसायचा. शेजारच्या पोरालाही कळायचं नाही. चौथीतली प्रेरणा ही उंच, अबोल पोर शेवटच्या ओळीत बसायची. चार वर्षांत तिनं एकदाही हात वर केला नव्हता. कार्ड मात्र पहिल्याच दिवशी वर धरलं, आणि चुकलं. उमा मॅडमना काय आनंद झाला म्हणता! पोरगी नेमकी कुठं अडते ते पहिल्यांदा कळलं. हातच्याची वजाबाकी आली की ती मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढून मोकळी व्हायची, मग तो वर असो की खाली.

टँकरच्या रांगेत उभं राहून मॅडमनी तिला समजावलं, "हे बघ, एककाच्या घरी पाणी कमी पडलं. मग जायचं कुणाकडं? शेजारणीकडं, दशकाकडं. पण शेजारणीचा हंडाही रिकामा, तिथं शून्य. मग?"

प्रेरणा हंड्यांच्या रांगेकडं बघत राहिली. "मंग शेजारीण तिच्या पलीकडच्या घरातून आणंल," ती म्हणाली, "आन् त्यातलंच आपल्याला देईल."

"शाब्बास गं माझी बाई!" मॅडम भर रांगेत ओरडल्या.

एवढ्यावरच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण काकासाहेबांनी वर्गात ती कार्डं पाहिली. काकासाहेब म्हणजे केंद्रप्रमुख, आसपासच्या सगळ्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली. माणूस वाईट नव्हे, पण कौतुकाचा भारी भुकेला. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं 'तंत्रस्नेही शिक्षिका', आणि उमा मॅडमचा पाय तिथंच अडकला.

कारण दुष्काळ पाहायला साहेब लोकांच्या गाड्या येत होत्या. कोरडी विहीर बघायची, वाळलेली बाग बघायची. दिवसभर असलं बघून साहेबांची तोंडं उतरायची. मग शेवटी काहीतरी बरं दाखवायला नको? काकासाहेबांना ते बरोबर सापडलं. विहीर, बाग आणि मग उमा मॅडमचा वर्ग, असा रस्ताच ठरून गेला.

पहिल्या भेटीत फोनमध्ये बरेच ठिपके लाल आले. साहेब गेल्यावर काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, पाहुण्यांपुढं लाल कशाला दाखवता? ठरलेले प्रश्न घ्या, पोरांकडून पक्के करून घ्या."

एकदाच तर आहे, असं म्हणून मॅडम हो म्हणाल्या. त्यांची चूक झाली ती इथं. भेटींवर भेटी सुरू झाल्या. तेच प्रश्न, त्याच क्रमानं. पोरं काय वेडी आहेत? फळ्याकडं न बघताच त्यांना पाठ झालं, पहिल्याला कार्ड सरळ, दुसऱ्याला आडवं, तिसऱ्याला उलटं. सगळा वर्ग हिरवागार! रानात कुठं औषधाला हिरवं नव्हतं, पण फोनमध्ये बघा. वर आणखी इतर शाळांना शिकवायला मॅडमना तालुक्याला बोलवायचे, मग इथला वर्ग वाऱ्यावर.

"मला नको हे, मला शिकवू द्या," त्या एकदा काकासाहेबांना म्हणाल्या.

"आता माघार नाय, मॅडम. नाव लई वरपर्यंत गेलंय."

घरी नवऱ्याला, श्रीरंगला सांगावं तर तो म्हणायचा, "कौतुक होतंय तर होऊ दे ना. नाक कशाला मुरडतेस?" उमा मॅडमना वाटायचं, आपल्याच कार्डांच्या पुठ्ठ्यात आपल्याला कुणीतरी बांधून घातलंय.

मार्च संपता संपता प्रेरणाचा बाप सांडू टँकरपाशी भेटला. बागेत मजुरी करायचा, बागच गेली. आता बायकापोरं घेऊन औरंगाबादला बांधकामावर निघाला होता. चौथी संपली की वस्तीवरची शाळा संपते, पुढचं त्यालाच ठरवायचं होतं.

"मॅडम, खरं सांगा," तो म्हणाला. "पोरीला येतंय का? येत असंल तर तिथं पाचवीला घालतो. नसंल तर उगं कामून? धाकटं लेकरू तरी सांभाळंल."

कोणतीही बाई चटकन म्हणाली असती, घाला शाळेत. उमा मॅडमही म्हणणार होत्या. पण जीभ उचलेना. कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं. कित्येक दिवसांत पोरीचा एकही ठिपका लाल आला नव्हता, आणि त्या हिरव्यावर आता त्यांचाच विश्वास नव्हता. "उद्या सांगते," त्या म्हणाल्या. सांडूनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर नवं गणित लिहिलं. ४०३ वजा १५८. खाली चार उत्तरं, बरोबर उत्तराची जागाही बदललेली. खडू खाली ठेवतात न ठेवतात तोच दारात गाडी थांबली. काकासाहेब धापा टाकत आत आले. मागून कुठलेसे मोठे साहेब. खिडकीबाहेर टँकरची वाट बघणारी माणसं डोकावायला लागली, त्यात सांडूही होता.

फळा पुसून नेहमीचा प्रश्न लिहायला कितीसा वेळ लागला असता? डस्टर हाताशीच होतं. पण मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली. होऊन जाऊ दे एकदाचं, म्हणाल्या मनात. "कार्डं वर करा," त्यांनी सांगितलं.

पोरांनी फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न म्हणजे कार्ड सरळ. फटाफट कार्डं वर झाली. मॅडमनी फोन फिरवला. लालच लाल! साहेबांनी वाकून बघितलं. काकासाहेबांनी झडप घालून मॅडमच्या हातातून फोन काढून घेतला. "नेटवर्क, साहेब! इकडं रेंजचा लई प्रॉब्लेम."

"हो, असणारच," साहेब समजुतीनं म्हणाले.

"नेटवर्कचं काही नाही, साहेब," उमा मॅडमचा आवाज चढला. "याला नेट लागतच नाही. या मुलांना येत नाही! पाठ केलेलं दाखवतो आम्ही तुम्हाला. एकालाही येत नाही!"

साहेब हसले. "एवढा प्रामाणिक ध्यास असलेली बाई पहिल्यांदाच बघतो. काकासाहेब, यांना जिल्ह्याच्या प्रशिक्षणाला घ्या." टाळ्या पडल्या. एवढं खरं बोलून झालं, आणि त्याचाही हारच गळ्यात पडला. मॅडमना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. खिडकीकडं त्यांचं लक्षच गेलं नाही.

परतताना काळीपिवळीत बसून त्यांनी काकासाहेबांनी परत दिलेला फोन उघडला. लाल नावांची रांग वर सरकवत गेल्या आणि शेवटी बोट थांबलं. एकच ठिपका हिरवा होता, प्रेरणाचा. शेवटच्या ओळीत बसून त्या पोरीनं फळ्याकडं बघितलं होतं. पलीकडच्या घरातून पाणी आणलं होतं. सगळ्यांची कार्डं सरळ असताना तिनं एकटीनं आपलं कार्ड फिरवलं होतं. गाडी थांबवून मॅडम उतरल्या, उतरत्या उन्हात तशाच वस्तीकडं चालत सुटल्या. सांडूच्या दाराला कुलूप होतं. दुपारीच टेम्पो भरून गेले, शेजारीण म्हणाली.

जूनमध्ये शाळा भरल्या. मॅडम जिल्ह्याच्या गावोगाव कार्डं कशी धरायची ते शिकवत फिरू लागल्या. एका सकाळी बीड रोडला एसटी सिग्नलला थांबली आणि खिडकीतून त्यांना दिसलं, अर्ध्या बांधलेल्या इमारतीखाली प्रेरणा उभी, कडेवर धाकटं लेकरू. मॅडम धडपडत खाली उतरल्या. तोवर सांडूही सिमेंटनं भरलेले हात पुसत पुढं आला.

"सांडूभाऊ, हिला शाळेत घाला. हिला येतंय! त्या दिवशी सगळ्या वर्गात हिचं एकटीचं बरोबर होतं, हे बघा." त्यांनी फोन पुढं केला.

सांडूनं त्या ठिपक्याकडं बघितलं. रागावला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. "त्या दिवशी तुम्हीच म्हनल्या, एकालाबी येत नाय. म्या खिडकीतच व्हतो. तेवढं एक मला खरं वाटलं." मग त्यानं फोन हलकेच बाजूला केला. "हिरवं तर तुमचं रोजच येत व्हतं, मॅडम."