आत्या आणि माझा जीन

आष्टीला चुलत बहिणीच्या लग्नात मी पंगतीला जमिनीवर बसलो, तिथंच फसलो. पंगत उठली, माणसं हात धुवायला गेली, आणि मी एकटाच पत्रावळीसमोर. माझ्या मांड्यांतली ताकद काही वर्षांपासून हळूहळू कमी होत होती. उठायचं तर काहीतरी धरावं लागायचं, आणि तिथं धरण्यासारखं काहीच नव्हतं. वाढप्याला वाटलं, पाहुण्याचं पोट भरलं नाही. त्यानं आणखी जिलेब्या वाढल्या. मी संकोचानं खाल्ल्या. तो पुन्हा आला. शेवटी आत्याचं लक्ष गेलं.

"किती खाऊन राह्यला रे? मास्तर आहेस ना तू?"

"आत्या, उठता येत न्हाई."

ती आधी हसली. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं, आणि काखेत हात घालून मला उभं केलं.

परतूरच्या शाळेत मी गणित शिकवतो. बसलं की उठायची पंचाईत, म्हणून दिवसभर उभाच असायचो. मुख्याध्यापक माझ्या उत्साहाचं कौतुक करायचे. आत्यानं मात्र मला पुढच्याच आठवड्यात संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासून तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मस्क्युलर डिस्ट्रॉफी. तुमच्या जीनमध्ये दोष आहे."

आत्यानं मान डोलावली. "मला वाटलंच व्हतं. हा रोज संध्याकाळी त्या चिंचेखालून यायचा. मंग कुण्या दर्ग्यावर न्यायचं याला?"

मॅडमना क्षणभर काही समजेना. आत्यानं जीनचा जिन ऐकलाय हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंडावर फाईल धरली. मग शांतपणे समजावलं, की हा झपाटणारा जिन नव्हे. शरीराला स्नायू कसा बनवायचा ते जीन सांगतो, आणि माझ्यात ते सांगणंच चुकलंय. चांगला जीन आत पोचवण्याचे प्रयोग चालू आहेत, पण आजाराचे प्रकार खूप, आणि प्रत्येकाचा जीन वेगळा. माझ्या प्रकारावर अजून औषध नाही. "झेपेल तेवढाच व्यायाम करा, हृदय तपासत राहा, आणि कुणी स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन विकायला आलं तर घेऊ नका."

तरी आम्ही तसलं इंजेक्शन देणाऱ्या एका क्लिनिकमध्ये गेलोच. आत्याच्या दिराच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला होता: इंजेक्शन घेतलेला माणूस मैदानावर धावतोय. त्या क्लिनिकमधल्या सुटातल्या गृहस्थानं तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. माझे डोळे भरून आले. धावण्याचं जाऊ द्या, मला नुसतं पंगतीतून उठायचं होतं.

मी माझा रिपोर्ट पुढे केला. त्यानं तो उघडलाही नाही. "सगळ्यांना एकच इंजेक्शन आहे सर."

"माझा प्रकार कोणता, ते बघणार नाही?"

"गरजच नाही."

मी रिपोर्ट उचलला आणि टेबलाला रेटा देऊन उठलो. चालून आलेला इलाज सोडला म्हणून आत्या माझ्यावर भयंकर चिडली. परतीच्या रेल्वेत सेलूच्या एका बाईशी तिनं कपाशीवर भरभरून गप्पा मारल्या, माझ्याशी एक अक्षर नाही. परतूर आल्यावर फक्त म्हणाली, "धर हात. उतर."

पुढच्या वर्षी मॅडमनी विचारलं, संशोधनासाठी मांडीच्या स्नायूचा तुकडा देता का? तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मी हो म्हटलं. काही महिन्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेनं आम्हाला बघायला बोलावलं. माझ्या तुकड्यातल्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या होत्या आणि त्यांवर दुरुस्त जीनचे प्रयोग करत होते. आत्यानं पदर खोचून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अगं बया! हे तर हलून राह्यलं!"

खरंच, बारीक धाग्यासारखा तो स्नायू मधूनच आखडत होता, सुटत होता. मी बघत बसलो. माझंच काहीतरी माझ्याशिवाय, कुणाचा हात न धरता हलत होतं. हसावं की रडावं, कळेना.

आत्याचा प्रश्न सोपा होता. तिथल्या संशोधक मुलीला तिनं विचारलं, "याला खायला काय घालता गं?"

"साखर, क्षार, प्रथिनं असलेलं पाणी असतं, आजी."

"नुसतं पाणी? म्हणून असं वाळकं दिसतंय." आत्यानं पिशवीतून तुपातल्या लाडवांचा डबा काढला. "लेकरू आमचं हाय. बिलकुल लाजू नका, याला बी द्या थोडं."