नजरानचा शेजारी म्हणतो, बस

परदेशात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, माझ्या पोराच्या शेजारी अरबस्तानातल्या नजरानचा एक म्हातारा आलाय, तोही पोराकडेच. इंग्रजी त्याला येत नाही, मलाही नाही. ‘दुकान’ आणि ‘किंमत’ हे शब्द तेवढे दोघांचे एकच. तरी साखरेच्या वड्या टेबलावर सरकवत तो मला गावाचा इतिहास दाखवतो. वड्या म्हणजे लोबान लादलेले उंट. वाळवंट तुडवत येतात, बशीतल्या विहिरीशी थांबतात, सौदा होतो. मग तो एकदम "पों पों" ओरडतो आणि त्याच उंटांचे ट्रक होतात. हजारो वर्षं एका दमात! आम्ही पोट धरधरून हसतो.

पहिल्या दिवशी इवल्याशा कपात कॉफी ओतून म्हणाला, "बस?"

मी चिडलो. ओळख ना पाळख, मला एकेरीत? तरी बसलो. त्यानं पुन्हा ओतली. "बस?"

"अरे, बसलोय की!"

पुन्हा ओतली. डोकं गरगरायला लागलं.

पोरगा हसत सुटला. "अहो बाबा, ते ‘पुरे का’ विचारतायत! आपलं बास. नको असेल तर कप शेक करायचा."

आता कळलंय. पण ही गेल्यापासून घरात मला ‘बसा’ म्हणणारं कुणी उरलं नाही. तो "बस?" म्हणाला की मी कप घट्ट धरतो आणि खुर्ची पुढे ओढतो.