रिकामा डबा

दर तीन आठवड्यांनी आमच्या दोघींचे नवरे कॅन्सरच्या सलाईनसाठी कोल्हापूरला एकाच दिवशी यायचे. ती गारगोटीची. येताना माझ्यासाठी डबाभर रस्सा आणायची. पुढच्या खेपेला मी त्यात शिरा नाहीतर लाडू घालून द्यायचे. डबा रिकामा परत करायचा नसतो.

मग रिपोर्ट आले. तिच्या नवऱ्याच्या गाठीत रोगाशी लढणाऱ्या पेशी शिरल्या होत्या, म्हणून त्याला त्या पेशींना जोर देणारी नवी इम्युनोथेरपी चालणार होती. माझ्या माणसाच्या पेशी गाठीबाहेरच उभ्या होत्या. त्याला जुनीच केमो.

तिच्या नवऱ्याची गाठ निम्मी झाली, तशी ती पेढे वाटत आली. माझ्या पोटात दुखलं, चांगलंच दुखलं. माझ्या माणसानं काय घोडं मारलं होतं या पेशींचं? पुढच्या खेपेला मी मुद्दाम तिचा डबा रिकामाच तिच्या हातात ठेवला.

तिनं तो हातात तोलला, माझ्याकडं बघितलं. आपल्या वाटणीची भाकरी-भाजी त्यात भरली आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

"वैनी, घरात चूल पेटली न्हाय व्हय? खावा आधी."